बाबांचा विंडोज ९८ चा संगणक बूट होत नाही, आतल्या फाइली फार मोलाच्या आहेत

वाशिष्ठीकाठ · शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. चिपळूणच्या बाजारपेठेत बाबांचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, शिमग्याची पत्रकं, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल अशी कामं. २०११ साली दुकान बंद केलं तेव्हा कामाचा संगणक त्यांनी घरी आणून माळ्यावर ठेवला. छापील प्रती, ट्रेसिंगवरचे प्रिंट, फ्लॉप्यांचे डबे मात्र गाळ्यातच राहिले आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात गेले.

त्या फ्लॉप्यांत माझ्या आत्याचं काम होतं. १९९८-९९ मध्ये ती खेड, गुहागर, संगमेश्वर तालुक्यांतल्या वाड्यांवर फिरली आणि बायकांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या, चारशेच्या वर. बाबांनी रात्री जागून त्या पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्राममध्ये लावल्या. पुस्तक छापायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. वह्याही गाळ्यातच होत्या. म्हणजे आता त्या ओव्या असल्याच तर फक्त या हार्ड डिस्कवर आहेत. ज्यांनी त्या सांगितल्या त्यांतल्या बहुतेक जणी आज नाहीत. आत्या ७८ वर्षांची आहे.

संगणक १९९९ चा असेंबल्ड, सेलेरॉन ३३३, ६४ एमबी रॅम, ४.३ जीबीची डिस्क. काल चालू केला. पंखा फिरला, रॅम मोजली आणि पडद्यावर आलं "सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड". एफ१ दाबलं की "डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टिम डिस्क अँड प्रेस एंटर". इथल्या एका दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगितलं की डिस्क गेली, आशा सोडा. मला सोडायची नाही. काय करू?

कळफलक · शनिवार, रात्री १०:२०

आशा सोडू नका. विंडोज ९८ ची बूट फ्लॉपी मिळवा, तिच्यावरून सुरू करा आणि "सिस सी:" चालवा. सिस्टिम फाइली परत बसतील. नाहीच झालं तर "एफडिस्क /एमबीआर". आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये मी असे कितीतरी संगणक उठवले आहेत.

तांबडीवायर · शनिवार, रात्री ११:०५

ताई, आज रात्री काहीही चालवू नका. त्या डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जाता कामा नये, हे आधी ठरवून टाका. बाकी सगळं सावकाश करता येईल.

मी १९९६ पासून हीच दुरुस्ती करतो. तुम्ही सांगितलेल्या दोन संदेशांत डिस्क गेल्याचा पुरावा कुठेही नाही. बोर्डावर रुपयाएवढी गोल बॅटरी असते, सीआर२०३२. ती संपली की बायोस (संगणक सुरू होताना सगळ्यांत आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) सगळं विसरतं: तारीख, वेळ आणि कुठली डिस्क जोडली आहे तेही. डिस्कच माहीत नाही तर बूट कुठून करणार?

उद्या उजेडात कॅबिनेट उघडा. वायर काढून ठेवलेली असू द्या. प्रोसेसरच्या आजूबाजूचे उभे गोल कपॅसिटर बघा. माथा सपाट हवा. फुगलेला किंवा तपकिरी राळ आलेली दिसली तर थांबा आणि मला फोटो टाका. चांगले असतील तर मऊ ब्रशने धूळ झाडा, बॅटरी बदला. डिस्कला जाणारा पॉवरचा चार तारांचा प्लग काढून ठेवा आणि मगच चालू करा. इतक्या वर्षांनी एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, काय करेल याची परीक्षा डिस्कवर नको.

वाशिष्ठीकाठ · रविवार, दुपारी ३:१५

दादा, कपॅसिटर सगळे सपाट आहेत. जुनी बॅटरी मीटरवर ०.४ व्होल्ट दाखवत होती, नवी घातली. यूएसबी कीबोर्ड बायोसमध्ये चालेना, शेजाऱ्यांकडून गोल पिनचा आणला. डिस्क न जोडता अर्धा तास चालू ठेवला, काही जळल्याचा वास नाही. मग बंद करून डिस्क जोडली आणि बायोसमध्ये "आयडीई एचडीडी ऑटो डिटेक्शन" केलं. डिस्क सापडली! तीन ओळी दाखवल्या, वरच्या एलबीए ओळीला होकार आधीच लावलेला होता, तोच ठेवला.

आता संदेश बदलला: "इनव्हॅलिड सिस्टिम डिस्क. रिप्लेस द डिस्क, अँड देन प्रेस एनी की".

मावसभावाकडे बूट फ्लॉपी होती, तिच्यावरून सुरू करून फक्त "डिर सी:" बघितलं. नुसता कचरा आला. चौकोन, हसरे चेहरे, पत्त्यांतले बदाम-इस्पिक, आणि फाइलींचे आकार अब्जांत. माझ्या पोटात खड्डा पडला. सगळं पुसलं गेलं का?

कळफलक · रविवार, दुपारी ३:४०

ही फॅट, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंद, खराब झाल्याची लक्षणं दिसतात. स्कॅनडिस्क चालवून बघा, तो दुरुस्त करेल.

तांबडीवायर · रविवार, दुपारी ३:५२

नाही! स्कॅनडिस्क नाही, सिस नाही, काहीच नाही. संगणक बंद करा.

कळफलक, तुमचा हेतू चांगला आहे हे मला कळतं, पण इथे स्कॅनडिस्क म्हणजे धडधाकट माणसावर चुकीच्या एक्स-रेवरून शस्त्रक्रिया. ताई, तुम्हाला आलेला संदेश कुठून येतो ते बघा. बायोस आधी डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे पहिला छोटा कप्पा, वाचतं. तिथला छोटा प्रोग्राम पार्टिशनचा बूट सेक्टर शोधतो. "इनव्हॅलिड सिस्टिम डिस्क" हे वाक्य त्या बूट सेक्टरमध्ये लिहिलेलं असतं. म्हणजे डिस्क फिरतेय, पहिला सेक्टर शाबूत, बूट सेक्टर शाबूत. अडलंय ते त्यापुढे: त्याला विंडोज सुरू करणारी आयओ.सिस ही फाइल सापडत नाही. माझा एक संशय आहे, पण तो तपासण्याआधी डिस्कची हुबेहूब प्रत हवी.

डिस्क काढा, आयडीई-यूएसबी कन्व्हर्टर घ्या, आणि लिनक्स असलेल्या लॅपटॉपला जोडा. विंडोजला नको, ते न विचारता डिस्कवर स्वतःची फोल्डरं करतं. लिनक्समध्येही ऑटोमाउंट, म्हणजे जोडलेली डिस्क आपोआप उघडणं, बंद ठेवा. डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलीत उतरवलेली हुबेहूब प्रत, काढा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अडलेल्या जागी नंतर परत जातं, म्हणून म्हाताऱ्या डिस्कला तेच बरं. डिस्कच्या मागच्या पिनांवरची छोटी टोपी (जंपर) मास्टरवर आहे ना बघा. आणि डिस्क टेबलावर सपाट ठेवा, चालू असताना हलवू नका.

खिळेछाप · रविवार, रात्री ८:३०

मी साताऱ्याचा, वडिलांचा खिळ्यांचा छापखाना, नंतर माझं डीटीपी. ताई, एक विचारतो. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या लांबट पोर्टला काडेपेटीएवढा प्लॅस्टिकचा ठोकळा लावलेला आहे का? त्या काळी आपल्या लिपीच्या सॉफ्टवेअरना असा लॉक यायचा. तो नसेल तर अक्षरं टाइप होत नाहीत. असेल तर देवघरात ठेवा, हे अगदी मनापासून सांगतोय. माझा लॉक २००८ मध्ये घर बदलताना हरवला. फाइली आहेत, पण त्यांत दुरुस्ती म्हणून करता येत नाही.

वाशिष्ठीकाठ · बुधवार, रात्री १०:४०

लॉक आहे! करडा ठोकळा, त्यावर बाबांनी बॉलपेनने आमच्या दुकानाचं नाव लिहिलंय.

कन्व्हर्टरसाठी मुंबईच्या भावाला लॅमिंग्टन रोडला पाठवलं, काल कुरिअरने आला. आज इमेज काढली. ४.३ जीबीला अर्धा तासही लागला नाही. तीन सेक्टर वाचता आले नाहीत, बाकी सगळं आलं. मग दादांनी निरोपात सांगितलं तसं इमेज पहिले ३२,२५६ बाइट सोडून, तिथून पुढे, फक्त वाचण्यापुरती माउंट केली, म्हणजे उघडली.

सगळं आहे. सगळं. "स्मरणिका", "पतपेढी", "लग्न९९", आणि "ओव्या" नावाचं फोल्डर, त्यात एकोणीस पेजमेकर फाइली. शेवटची तारीख १४ नोव्हेंबर १९९९. आत्याला फोन केला, ती बराच वेळ काही बोललीच नाही.

पण दादा, लिनक्सला जे सरळ दिसतं ते त्याच डिस्कवर फ्लॉपीला कचरा का दिसलं?

दूरदेशी · बुधवार, रात्री ११:३०

अभिनंदन! मी टोरांटोहून वाचतोय, इतके दिवस धागा उघडून बसलो होतो. इमेज मिळाली म्हणजे आता खऱ्या यंत्राची गरज काय? एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, विंडोज ९८ चालवता येईल. किंवा पेजमेकरनंतर आलेल्या इनडिझाइनची सीएस ६ पर्यंतची आवृत्ती पेजमेकर ६ आणि पुढच्या फाइली उघडते.

खिळेछाप · गुरुवार, सकाळी ७:१०

दूरदेशी, फाइल उघडेल, पण उघडून दिसेल काय? या जुन्या फाँटांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. तोच फाँट, त्याच आवृत्तीचा नसेल तर पानभर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. आजच्या सगळ्या संगणकांना कळणाऱ्या युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत, मी वापरतो. पण जुन्या फाँटात पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार अक्षराच्या नंतर. बदलताना हीच दोन हमखास भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. वर्तमानपत्राचा मजकूर असता तर वाचून दुरुस्त केला असता. पण या ओव्या संगमेश्वरी बोलीतल्या, त्यांतले शब्द कुठल्या कोशात बघणार? चूक कुठली आणि बोली कुठली हे ठरवायला मूळ पान डोळ्यांसमोर हवं. म्हणून एकदा तरी ते यंत्र जसंच्या तसं उभं राहायला हवं.

आणि लॉकचं म्हणाल तर आजच्या लॅपटॉपला प्रिंटर पोर्ट नाही. यूएसबीवरून प्रिंटर पोर्ट देणारी वायर मिळते, पण ती फक्त प्रिंटरपुरती. लॉक शोधणारं सॉफ्टवेअर थेट ३७८ या प्रिंटर पोर्टच्या ठरलेल्या पत्त्यावर बोलायला जातं, तिथे त्या वायरीचं कोणी नसतं.

तांबडीवायर · गुरुवार, रात्री ९:००

आता संशय सांगतो. ताई, इमेजमध्ये पार्टिशनचा बूट सेक्टर ३२,२५६ व्या बाइटपासून सुरू होतो. हेक्स एडिटरमध्ये (बाइट जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्राम) तिथे जा. शून्यापासून मोजत २६ आणि २७ क्रमांकाचे दोन बाइट काय आहेत ते सांगा. आणि डिस्कच्या लेबलवर सिलिंडर, हेड, सेक्टर असे डिस्कवरची जागा मोजायचे तीन आकडे छापलेले असतील, तेही.

वाशिष्ठीकाठ · गुरुवार, रात्री ९:३५

बाइट: एफ० आणि ००. लेबलवर: ८९४४ सिलिंडर, १५ हेड, ६३ सेक्टर.

तांबडीवायर · गुरुवार, रात्री १०:२५

सापडलं. नीट लिहितो, कारण ही अडचण पुढेही कोणाला तरी येणार.

हेक्समधला, म्हणजे सोळाच्या पायावरच्या मोजणीतला, एफ० म्हणजे २४०. बाबांनी डिस्क फॉरमॅट केली तेव्हा बायोसने विंडोजला सांगितलं होतं की या डिस्कला २४० हेड आहेत. खरे २४० नसतात, लेबलवर १५ च आहेत. पण जुन्या बायोसला सिलिंडर १०२४ पर्यंतच मोजता यायचे, म्हणून ते सिलिंडर कमी करून त्या प्रमाणात हेड वाढवून सांगायचं. हे सांगायच्या दोन रीती. लार्ज रीतीत दुप्पट करत जायचं: १५ चे ३०, ६०, १२०, २४०, आणि सिलिंडर ८९४४ चे ५५९. एलबीए रीतीत या आकाराच्या डिस्कला सरळ २५५ हेड.

तुमच्या बाबांच्या संगणकात लार्ज होतं. बॅटरी गेली, बायोस विसरलं आणि स्वतःच्या मनाने एलबीए सुचवलं. आता बूट सेक्टर २४० च्या हिशोबाने पत्ता सांगतो आणि बायोस २५५ च्या हिशोबाने डिस्कवर तो शोधतं. पहिले २४० गुणिले ६३, म्हणजे १५,१२० सेक्टर दोन्ही हिशोबांत एकच येतात. बूट सेक्टर त्यातच आहे, म्हणून संदेश तरी दिसला. पण एवढ्या डिस्कवर फॅटच्या दोन प्रती मिळून साडेसोळा हजार सेक्टर खातात, आणि मुख्य फोल्डरची यादी त्यांच्या मागे, साधारण १६,६०० व्या सेक्टरवर. तिथे दोन्ही हिशोब फाटतात. म्हणून "डिर" ला कचरा. लिनक्स यूएसबीवरून सेक्टर सरळ एक-दोन-तीन मोजतो, त्याला हेडशी घेणंदेणं नाही, म्हणून त्याला सगळं जागेवर दिसलं.

त्या दिवशी स्कॅनडिस्क चालवला असता तर त्याने तो कचरा "दुरुस्त" करून भलत्याच सेक्टरवर लिहिला असता. ओव्यांच्या फाइलीही त्यात गेल्या असत्या.

आता डिस्क परत बसवा, ऑटो डिटेक्शन करा आणि तीन ओळींपैकी जिच्यात हेड २४० आहेत ती निवडा. तिच्यापुढे लार्ज लिहिलेलं असेल. इमेजची प्रत आधी दुसऱ्या ठिकाणीही ठेवा.

कळफलक · गुरुवार, रात्री १०:५०

तांबडीवायर, हे मला खरंच माहीत नव्हतं. लॅबमधल्या डिस्कवर काही जपण्यासारखं नसायचं, म्हणून माझे उपाय तिथे चालून गेले. ताई, तुम्ही माझं ऐकलं नाहीत हे फार बरं झालं. वरच्या दोन्ही प्रतिसादांत मी सूचना जोडतो, पुढे कोणी वाचून तसं करायला नको.

वाशिष्ठीकाठ · शुक्रवार, रात्री ११:१५

तिसरी ओळ. ५५९, २४०, लार्ज. तीन दाबून एंटर, सेव्ह, आणि संगणक परत सुरू झाला.

एक सेकंद काळा पडदा, मग ढगांवरचं विंडोज ९८. आई स्वयंपाकघरातून धावत आली, तो सुरुवातीचा आवाज तिने ओळखला. डेस्कटॉपवर बाबांनी लावलेला परशुराम मंदिराचा फोटो आहे, कोपऱ्यात "उधारी" नावाची नोटपॅडची फाइल. मी ती उघडली नाही अजून.

पेजमेकर उघडतो, पण लिपीचं सॉफ्टवेअर म्हणतं लॉक सापडत नाही. ठोकळा दोनदा काढून लावला, स्क्रू घट्ट केले.

तांबडीवायर · शुक्रवार, रात्री ११:३०

डोळ्यांत पाणी आलं वाचून. लॉकचंही बायोसच विसरलं असणार. पेरिफेरल्सच्या पानावर जा, पॅरलल पोर्ट मोड बघा. ईसीपी असेल तर एसपीपी करा, पत्ता ३७८, आयआरक्यू ७. जुन्या लॉकांना साधा मोडच मानवतो.

वाशिष्ठीकाठ · शुक्रवार, रात्री ११:५८

ईसीपीच होता. एसपीपी केलं. चाललं! "ओव्या०१" उघडली आणि पहिल्या पानावर आत्याचं नाव, खाली गावांची यादी.

खिळेछाप · शनिवार, सकाळी ६:४५

रात्रभर झोप आली नाही मला. आता घाई न करता एक करा. त्या संगणकात पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेचा कुठला प्रिंटर टाकलेला आहे का बघा, डीटीपीवाल्याकडे असतोच. प्रिंटच्या खिडकीत तो निवडा, पोस्टस्क्रिप्ट फाइलमध्ये लिहायला सांगा आणि फाँट सोबत जातील ती खूण करा. एकोणीस फाइलींच्या एकोणीस पीएस फाइली होतील. साध्या विंडोज ९८ ला पेनड्राइव्ह ओळखता येत नाही, तेव्हा डिस्क परत लिनक्सला जोडूनच त्या उचला आणि घोस्टस्क्रिप्टने पीडीएफ करा. पान जसं बाबांनी लावलं तसंच्या तसं येईल, फाँट कुणाकडे नसला तरी. युनिकोडचं काम मी करून देतो, पैसे घेणार नाही. रफार आणि वेलांट्या पीडीएफशी ताडून एकेक ओळ बघू.

दूरदेशी · शनिवार, सकाळी ८:२०

मुद्रितं वाचायला मीही आहे. माझं आजोळ संगमेश्वर, बोली कानात आहे.

वाशिष्ठीकाठ · रविवार, संध्याकाळी ६:३०

एकोणीसच्या एकोणीस पीडीएफ झाल्या. न वाचलेले तीन सेक्टर एका जुन्या लग्नपत्रिकेच्या फाइलीत होते, ओव्या पूर्ण आहेत. इमेज तीन ठिकाणी ठेवली आहे. बायोसचे सगळे आकडे कागदावर लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवले: लार्ज, ५५९, २४०, ६३, एसपीपी, ३७८.

आत्याला आज घरी आणलं. छापलेली पानं हातात दिली तर म्हणाली, पडद्यावर दाखव, तुझा बाबा मला तिथेच दाखवायचा. खुर्ची ओढून बसली. चष्मा वर करून, पडद्याला नाक लावून एकेक ओवी मोठ्याने वाचत होती, मधेच चाल धरत होती आणि कुठली ओवी कुठल्या वाडीतल्या कोणी, काय करताना सांगितली तेही सांगत होती. ते फाइलीत नाही, म्हणून मी मोबाइलवर रेकॉर्ड करायला लागले.

सातव्या फाइलीच्या तिसऱ्या पानावर थांबली. "हा शब्द चुकलाय. मी तेव्हाच सांगितलं होतं त्याला, उद्या करतो म्हणाला." लॉक लागलेला आहे, पेजमेकर चालू आहे. तिने सांगितला तसा शब्द आत्ताच टाइप केला. खिळेछाप काका, सातवी पीडीएफ नवी पाठवते, जुनी वापरू नका.